कॅराव्हॅनमधलं गरम पाणी: दुसऱ्याच्या अंघोळीलाही पुरलं पाहिजे

‘कॅराव्हॅनमध्ये गरम पाणी एवढंच असतं.’ वर्कशॉपच्या काउंटरवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ब्रिटनमध्ये जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतलेल्या कुणाचा तरी हेलपाटा वाचेल.

आमच्या कॅराव्हॅनमध्ये इकडे बऱ्याच ठिकाणी असतो तसाच हीटर आहे. १० लिटरची टाकी, तापवायला गॅसचा बर्नर आणि ८५० वॉटचं विजेचं एलिमेंट. दोन्ही एकदम चालवता येतात. तरी पहिल्याची अंघोळ व्हायची आणि दुसऱ्याच्या अंगाला साबण असतानाच पाणी गार. कॅराव्हॅन उभी करायच्या साइटवर अंघोळीची सोय असते, मान्य. पण सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या पावसात, ओल्या गवतातून, टॉवेल सांभाळत तिथवर चालत जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. गरम पाणी आतच मिळायला हवं होतं.

माझा पहिला विचार मोठी टाकी बसवायचा. तो लगेच सोडला, कारण त्यासाठी गॅसची जोडणी बदला, कदाचित बाहेरच्या भिंतीतलं भोकही, शिवाय वजन वाढतं. आणि हिशोब केल्यावर दिसलं की १० लिटर वाटतात तेवढे कमी नाहीत. टाकीतलं पाणी ७० अंशांचं आणि बाहेरचं १० अंशांचं असेल, तर ४० अंशांचं अंघोळीचं पाणी साधारण २० लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं गार पाणी टाकीत शिरतं. म्हणजे एका माणसाला भरपूर. खरा प्रश्न होता, टाकी पुन्हा तापायला इतका वेळ का लागतो?

त्याचं उत्तर गॅस संपल्यावर मिळालं. सिलिंडर रिकामा झाला, विजेचा स्विच चालू, त्यावरचा लाल दिवा लागलेला, आणि तासाभरानंतरही नळाला बर्फासारखं पाणी. एलिमेंट तापतच नव्हतं. इतके दिवस सगळं काम एकटा गॅस करत होता, म्हणून सिलिंडरही भराभर संपत होते. तो लाल दिवा स्विचपर्यंत वीज आली एवढंच सांगतो, पुढचं काही सांगत नाही.

आता वर्कशॉप. फोनवर मी स्वच्छ सांगितलं की गॅसवर पाणी तापतं, विजेवर तापत नाही. तारीख मिळाली ती सीझनच्या गर्दीतली, बरीच पुढची. नवऱ्याने सुट्टी टाकली, स्टोरेजमधून कॅराव्हॅन ओढून नेली. संध्याकाळी हातात कागद आला: ‘वॉटर हीटर’, समोर बरोबरची खूण, खाली ‘दोष आढळला नाही’. मी विचारलं, तपासलं कशावर? काउंटरवरच्या बाईंना माहीत नव्हतं. त्या आत जाऊन आल्या. गॅसवर तपासलं होतं! विजेवर का नाही? तर त्या फॉर्मवर हीटरसाठी चौकट एकच, पाणी गरम झालं की खूण करायची.

मी म्हटलं, गॅस सिलिंडरवरच बंद करा, फक्त विजेचा स्विच चालू ठेवा आणि तासाभराने नळाखाली हात धरा. उत्तर आलं की त्यासाठी वेगळी तारीख घ्यावी लागेल, कारण आजची वेळ संपली. वेगळी तारीख घेतली. त्या दिवशी ‘इलेक्ट्रिशियन रजेवर आहे’. पुढच्या खेपेला सुटा भाग मागवलाय म्हणाले. न तपासता कुठला भाग मागवला, याचं उत्तर कुणीच देईना. मधल्या फोनवर एका गृहस्थांनी मला शांतपणे समजावलं की घरच्यासारख्या शॉवरची अपेक्षाच ठेवू नका, कॅराव्हॅनमध्ये असंच असतं, आणि जमत असेल तर नवीन मॉडेल बघून जा. म्हाताऱ्या माणसाच्या अंघोळीचा प्रश्न सांगितलेल्या बाईला असं उत्तर? मला त्याचा आजही राग येतो. काम न करता घेतलेले तपासणीचे पैसे मी लेखी तक्रार करून परत मिळवले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

शेवटी घरी येऊन काम करणारा कॅराव्हॅन इंजिनिअर शोधला. तो आमच्या दारातच आला. आधी एलिमेंटपर्यंत २३० व्होल्ट पोचतात का ते पाहिलं. पोचत होते. मग वीज काढून मल्टिमीटर लावला. ८५० वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण ६२ ओहम यायला हवा. आमच्याकडे आकडाच येईना, आतली तार तुटलेली. पाच मिनिटांत निदान! पुढच्या भेटीत टाकी रिकामी करून नवीन एलिमेंट बसवलं. हे काम स्वतः करू नका. पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी शेजारी असतात. गॅसच्या भागाला तर नोंदणीकृत माणसाशिवाय हातच लावू देऊ नका.

आता गॅस आणि वीज दोन्ही लावली की चहा-बिस्किटं होईपर्यंत टाकी पुन्हा तापते. नुसत्या विजेवर मात्र कागदावरच पाऊण तास निघतो, प्रत्यक्षात जास्त. आणि साइटचं हुकअप, म्हणजे कॅराव्हॅनला मिळणारी विजेची जोडणी, १० अँपिअरचं असेल तर हीटर चालू असताना विजेची मोठी किटली लावू नका, ट्रिप होतं.

आणखी एक, हवा मिसळणारा शॉवरहेड घ्या, ज्याच्या मुठीवरच पाणी थांबवायचं बटण असतं. मिनिटाला पाच लिटर जाणारं पाणी तीनवर आलं की तेच वीस लिटर चारऐवजी साडेसहा मिनिटं पुरतात. बटण पूर्ण बंद न करता धार बारीक ठेवलेली बरी, नाहीतर पुन्हा उघडताना एकदम कढत पाणी येतं.

हे आधी सांगायला हवं होतं: हीटर लावण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ उघडून हवेची फडफड थांबेपर्यंत पाणी वाहू द्या. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापवू नये. थंडीत कॅराव्हॅन उभी ठेवताना टाकी रिकामी करा, बर्फाने फुटते. हिवाळ्यात प्रोपेनचाच, म्हणजे लाल सिलिंडर घ्या. निळ्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो.

बाहेरचा पाण्याचा पिंप सकाळीच भरून उन्हात ठेवला तर तेही कामी येतं. ८ अंशांऐवजी १८ अंशांचं पाणी आत आलं की त्याच टाकीतून अंघोळीचं पाणी चारेक लिटर जास्त निघतं.

सासूबाईंनी यातलं काहीच वापरलं नाही. ‘अगं, मला तुझा तो फवारा नको, बादली आणि तांब्या दे,’ म्हणाल्या. शॉवरच्या जागेत छोटं स्टूल मावलं, अर्धी बादली कढत पाणी, तेवढंच गार. त्यांची अंघोळ सगळ्यात कमी पाण्यात झाली आणि टाकीत माझ्यापुरतं उरलं. लांबच्या साइटला जाताना आता बादली आधी गाडीत चढते.