थांब, त्याची चेन तो लावेल

जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात नोव्हेंबरात बालवाडीतल्या अठरा मुलांना साडेनऊला अंगणात न्यायचं असेल, तर नऊलाच तयारीला लागावं लागतं. आधी पावसाची जाड पँट, मग गमबूट, मग जॅकेट, मग टोपी, आणि हातमोजे सगळ्यांत शेवटी. हातमोजे आधी चढवले की बोटांना चेन धरता येत नाही.

त्या दिवशी बाकावर चार वर्षांचा एक मुलगा मागे राहिला होता. चेनचं टोक खाचेत बसत नव्हतं. तो ते घालायचा, ते निसटायचं, पुन्हा घालायचा. मी वाकले, टोक बसवलं आणि चेन सर्रकन गळ्यापर्यंत ओढली. तो रडला नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं चेन खाली आणली, पूर्ण उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाजूला उभ्या असलेल्या शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "थांब, त्याची चेन तो लावेल."

बाकीची मुलं दुसऱ्या शिक्षिकेबरोबर बाहेर गेली आणि आम्ही दोघं बाकावर. मी हात मांडीवर धरून बसले, कारण ते सारखे पुढे जात होते. आठ-दहा मिनिटांनी चेन लागली. तो उठला आणि दाराबाहेर पळाला.

त्याचं नाव मी लिहीत नाही, तो कुठल्या देशातून आला तेही नाही. का, ते पुढे येईलच.

मी इथे आले ती जर्मनीच्या सरकारी स्वयंसेवा योजनेतून. सक्तीची लष्करभरती २०११ साली थांबली. तोवर सैन्यात जायला नकार देणारे तरुण त्याऐवजी रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, मुलांच्या संस्थांत काम करायचे. ती व्यवस्थाही त्याच वेळी बंद झाली, आणि तिच्या जागी ही योजना आली. यातल्या स्वयंसेवकाला इथे सगळे 'बुफ्दी' म्हणतात. बारा महिने काम, त्यात पंचवीस दिवस शिबिरं, विमा आणि हातखर्चाला थोडे पैसे. मी प्रोटेस्टंट चर्चच्या बालवाडीत आहे. रुजू होण्याआधी पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि गोवराच्या लशीचा पुरावा द्यावा लागला. मुलांच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना हा पुरावा मार्च २०२० पासून कायद्यानंच लागतो.

निघण्याआधी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी विचारलं होतं, "बाळा, मिशनरी तिकडून इकडे आले. तिकडे तुझ्या सेवेची कोणाला गरज?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. इथून आगगाडीनं तासाच्या आत हाले शहर आहे. तिथे ऑगस्ट हेरमान फ्रांके यांनी १६९५ साली गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली. त्याच हालेत शिकलेले त्सीगेनबाल्ग आणि प्लुचाव हे दोन तरुण मिशनरी १७०६ साली तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले. एका सुट्टीच्या दिवशी मी हालेला गेले, फ्रांके यांच्या अनाथाश्रमाच्या जुन्या लांबलचक इमारतीसमोर उभी राहिले आणि काकांचा प्रश्न पुन्हा आठवला. ते दोघे बोटीतून उतरले तेव्हा त्यांनाही तिथली भाषा शिकवायला कोणीतरी बसलंच असेल ना! म्हणजे पहिली सेवा त्यांनी केली नाही, घेतली. काका, माझंही तसंच झालंय.

भाषा मला मुलांनी शिकवली. जेवणाआधी टेबल मांडायचं काम पाळीनं मुलांकडे असतं आणि सोबत मी. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी: डेर लोफेल, डी गाबेल, दास मेसर. आपल्या मराठीतही तीन लिंगं आहेत, तेव्हा हे सोपं जाईल असं वाटलं होतं. पण आपला तो काटा इथे ती होतो आणि आपली ती सुरी इथे ते होते. मी चुकले की एक पाच वर्षांची मुलगी मान वर न करता दुरुस्त करायची. चेनवाला मुलगाही माझ्याबरोबर काटे-चमचे मांडायचा. त्यालाही जर्मन येत नव्हतं आणि महिनोन् महिने तो शब्दही बोलला नाही. मी "डेर लोफेल" म्हणायचे आणि तो चमचा ठेवायचा. ताटाच्या उजवीकडे, अगदी सरळ.

आणि हो, इथे ताई नाही की मॅडम नाही. साठीच्या शिक्षिकेलाही मुलं नावानं, एकेरीत हाक मारतात. मला पहिले काही दिवस अंगावर यायचं. नंतर लक्षात आलं की त्यात उद्धटपणा जराही नाही.

आता ती चूक सांगते. पहिल्याच महिन्यात वाळूत खेळणाऱ्या चार मुलांचा फोटो मी माझ्या फोनवर काढला आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "माझी लेकरं". पटापट हात जोडलेली चित्रं आली. मला इतका आनंद झाला होता की तो फोटो मी स्वतःच मुख्य शिक्षिकांना दाखवला. त्यांनी दार लावलं आणि मला बसवलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "या मुलीला विचारलंस? तिच्या आईला?" पालकांच्या लेखी संमतीशिवाय इथे मुलाचा फोटो वापरता येत नाही. मी फोटो पुसला, ग्रुपवर माफी मागून सगळ्यांना पुसायला लावला. त्या रात्री झोप लागली नाही. कायदा मोडला याचं वाईट वाटलंच, पण जास्त टोचत होता तो 'माझी' हा शब्द. ती माझी नव्हती. त्यांना आया होत्या, बाप होते, घरं होती. मुलांमध्ये सेवा करायला परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी हेच कळकळीनं सांगेन, देश कुठलाही असो, गरीब असो की श्रीमंत: फोन खोलीत ठेवून कामावर जा.

प्रार्थनेचंही असंच झालं. मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत वाढलेली. चर्चची बालवाडी म्हणजे सगळी मुलं हात जोडून, डोळे मिटून बसतील असं चित्र मनात होतं. पण पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं जी कम्युनिस्ट राजवट होती, तिच्यात माणसं चर्चपासून दुरावली आणि एरफुर्ट ज्या राज्यात आहे त्या थुरिंगियात आज बहुतेक कुटुंबं कुठल्याच चर्चची नाहीत. आमच्याकडे जेवणाआधी छोटी प्रार्थना होते. काही मुलं हात जोडतात. एका मुस्लिम घरातली मुलगी तळहात वर करून बसते, तिची आजी तशीच बसते म्हणून. काही मुलं नुसती बटाट्यांकडे बघत असतात. कोणी कोणाचे हात धरून जोडत नाही. सुरुवातीला मला ही ढिलाई वाटली होती. आता वाटत नाही. येशूनं मुलांना जवळ घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले. त्याआधी त्यांच्याकडून काही पाठ म्हणवून घेतल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही.

बालवाडीला 'किंडरगार्टन' हे नाव जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८४० साली दिलं. एरफुर्टच्या दक्षिणेला बाड ब्लांकेनबुर्ग आहे, तिथे त्यांचं संग्रहालय आम्ही शिबिरातून बघितलं. ते पाळकाचा मुलगा होते, वर्षाच्या आतच आईला मुकलेले. तेव्हाच्या प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारनं १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली आणि आरोप ठेवला तो नास्तिकतेचा. बंदी उठली १८६० मध्ये, पण फ्रोबेल त्याआधीच, १८५२ साली वारले. संग्रहालयातले ते लाकडी गोळे आणि ठोकळे बघून मला भरून आलं. तसेच ठोकळे रोज संध्याकाळी मी खोक्यात भरून ठेवते.

या वर्षातली एक संध्याकाळ मात्र मला जन्मभर पुरेल. १० नोव्हेंबर. त्या दिवशी प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन लुथर जन्मला, आणि दुसऱ्या दिवशी, संत मार्टिनच्या सणाला, त्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणून नाव मार्टिन. एरफुर्टमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघं मिळून हा सण साजरा करतात. कॅथेड्रलच्या पायऱ्यांसमोरच्या चौकात मुलं आपापले कंदील घेऊन जमतात, हजारो कंदील, बहुतेक घरी नाहीतर बालवाडीत बनवलेले. आमचे आम्ही दोन आठवडे खपून केले होते, फुगे फुगवून त्यावर रंगीत कागदाचे कपटे चिकटवून. त्या दिवशी सकाळी गोलात बसून मुलांनी संत मार्टिनची गोष्ट ऐकली. घोड्यावरचा रोमन शिपाई, थंडीत कुडकुडणारा भिकारी, तलवारीनं दोन तुकडे केलेला झगा. एकानं विचारलं, "अर्धाच का दिला? सगळा का नाही?" मी जर्मन वाक्य जुळवत होते, तेवढ्यात काटा-चमचावाली मुलगी म्हणाली, "मग त्याला थंडी वाजली असती ना." आणि पुढे म्हणाली, "दोघांनाही थंडी वाजायला नको."

जुलैमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांचा निरोप असतो. इथल्या बऱ्याच बालवाड्यांत तेव्हा मुलांना खरोखरच 'बाहेर फेकतात'. दाराबाहेर जाड गाद्या अंथरायच्या, दोन मोठ्यांनी मुलाचे हात-पाय धरायचे, तीन झोके द्यायचे आणि सोडायचं. यंदा पाच जण गेले. मग कोणीतरी ओरडलं की हिचंही वर्ष संपतंय, हिलाही फेका. सगळी ओरडायला लागली. दोन शिक्षिकांनी खांदे धरले, स्वयंपाकघरातल्या काकांनी पाय. मी डोळे मिटले. झोके मोजायला कोण, असं शिक्षिकांनी विचारलं.

क्षणभर कोणीच बोललं नाही. मग मागून आवाज आला, स्वच्छ आणि मोठा, "आइन्स." डोळे उघडले तर चेनवाला मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा. "त्स्वाय." भर जुलैत त्यानं जॅकेट घातलं होतं, गळ्यापर्यंत चेन लावून.

"द्राय!"