ग्लिका नेरा: गोट्यांखाली गोडं पाणी

ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणारे बहुतेक जण उत्तर किनाऱ्यावरच रमतात. आम्ही दोघी बहिणींनी उत्तरेच्या हानिया शहरातून बस धरली आणि डोंगर ओलांडून थेट दक्षिणेला, होरा स्फाकियोनला उतरलो. शेवटच्या घाटवळणांवर ताईने डोळे मिटले, ते गाव आल्यावरच उघडले. दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या मे अखेरीस दोस्त सैन्याने क्रीट सोडलं ते याच चिमुकल्या बंदरातून. आता तिथे खानावळी आणि लुत्रो गावाला जाणाऱ्या बोटी.

आम्हाला गाठायचा होता तो ग्लिका नेराचा किनारा; तिथे गाडीरस्ता नाही. बोटीने जा, नाहीतर पायी. आम्ही पायी निघालो. अनोपोली गावाच्या रस्त्यावरून फुटलेली पायवाट पुढे चक्क कड्यात खोदून काढलेली आहे. डावीकडे खाली लिबियन समुद्र, कठडा नाही. जिथे दरड उतरली आहे तिथे दगडांवरून हात टेकत जायचं. "येताना बोट हं," ताईने तिथेच जाहीर केलं.

किनाऱ्यावर वाळू नाहीच, नुसते गोटे. अनवाणी दोन पावलं टाकवत नाहीत. सावली म्हणाल तर सकाळी कड्याची, ती सरकली की ऊन आपलंच. खरी गंमत गोट्यांखाली आहे. लाटेपासून जरा वर कुणीतरी हातानेच खड्डा उकरून ठेवला होता. तळाशी वीतभर नितळ पाणी, गोट्यांच्या फटींतून हळूहळू भरत होतं. ताईचं सासर समुद्राकाठचं, विहिरीच्या मचूळ पाण्याची तिला सवय. तिने शंकेखोर चेहऱ्यानेच ओंजळ तोंडाला लावली.

"अगं, मचूळ नाहीच! आणि गार किती!"

मागे लेफ्का ओरी रांगेतले चुनखडीचे डोंगर आहेत, त्यातलं पाख्नेस शिखर 2453 मीटर उंच. तिथला पाऊस नि वितळलेलं बर्फ खडकाच्या भेगांतून मुरतं आणि डोंगराच्या पोटातून वाट काढत इथे, समुद्राच्या तोंडाशी झिरपतं. पोहतानाही ते कळतं. वर कोमट पाणी आणि पायाशी अचानक बर्फासारखी धार. दोन पाणी मिसळतात तिथे पोहण्याच्या चष्म्यातून तळाचे गोटे थरथरताना दिसतात. मी बराच वेळ तेवढंच बघत तरंगले.

जायचं तर सप्टेंबर सरता सरता जा. भर उन्हाळ्यात ती पायवाट तापते. वारा पडलेला नसेल तर बोटीच्या भरवशावर राहू नका, ती येईलच असं नाही. आमची आली. ताई सगळ्यांच्या आधी चढून बसली.