तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गाण्यांत सैतान नेमका कुठे असतो?

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पालक एकच प्रश्न विचारतात. पोरगं अकरावीत गेलं की कानात इअरफोन येतात, अंगात काळा टीशर्ट येतो आणि त्यावर कवटी, शिंगं, उलटा क्रूस. फोनवर मेटल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं कर्कश, दणदणीत रॉक संगीत लागलेलं असतं आणि त्यात कुणीतरी घसा फाडून ओरडत असतं. मग हळूच विचारणा होते: ही सैतानाची भक्ती तर नाही ना? पोर वाया जाणार नाही ना?

काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. त्या गाण्यांतला सैतान हे जवळजवळ नेहमी सोंग असतं. ते कशाकशाचं बनलंय हे उलगडून दाखवता येतं, आणि सुरुवात वाडीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवरच करता येते.

पांढरी एकला सा धरा. सोबत काळी तीन, म्हणजे तीव्र मध्यम, दाबून ठेवा आणि भाता चालू ठेवा. दोन सूर एकमेकांना घासतात, कुठे टेकत नाहीत. आता काळी तीन सोडून शेजारची पांढरी पाच, म्हणजे पंचम दाबा. लगेच सगळं निवळतं. कारण साधं आहे: सा २६१.६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, पंचम ३९२ चा, म्हणजे जवळजवळ तीनास दोन. तीव्र मध्यम ३७० चा. त्याचं साशी असं सुटसुटीत गुणोत्तर जमत नाही. युरोपात सा ते तीव्र मध्यम या अंतराला अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ‘संगीतातला सैतान’ म्हणत आले. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ते गाणाऱ्याला शिक्षा व्हायची, ही गोष्ट फार फिरते, पण तिला पुरावा नाही. ते अंतर गळ्यातून नेमकं काढणं अवघड, कानाला कर्कश, म्हणून शिक्षक टाळायला सांगत, एवढंच.

आपल्याकडे गाणं शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या काही रागांतच यमन मिळतो, तोही तीव्र मध्यमासकट. तिथे तो मध्यम पंचमाकडे नाहीतर गंधाराकडे सरकतो आणि गोड लागतो. मारवा रागात तर पंचमच वर्ज्य; तानपुरा निषादाला किंवा धैवताला लावतात आणि दिवेलागणीची ती हुरहुर तयार होते. तिला कुणी सैतान म्हटलेलं नाही. भीती सुरात नसते. तो कुठून आणला, किती वेळ ठेवला आणि कुठे नेला नाही, यात असते.

हे सगळ्यात स्वच्छ ऐकायचं तर बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड ऐका. ती १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी निघाली. तेरा तारीख आणि शुक्रवार हा योग तिकडे अपशकुनी मानतात. आधी पाऊस, लांबून घंटा, मग तीन सूर. तेही पेटीवर निघतात: खालची पांढरी पाच, वरच्या सप्तकातली पांढरी पाच, आणि तिथून खाली उतरून काळी एक. पांढरी पाचला सा मानलंत तर हे झाले सा, वरचा सां आणि तीव्र मध्यम. शेवटच्या सुरावर थांबून काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात बोट थरथरवायचं. पंचम त्या थरथरीत नुसता लागून जातो, मुक्काम करत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून. हेच दुप्पट वेगात वाजवा, भीती गायब होते. नवे वाजवणारे नेमके इथेच फसतात. सूर बरोबर असतात, पण थांबायचा धीर नसतो.

त्या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या मशीनमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा चढवल्या. १९७१ पासून काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, उतरवली. जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ वर आली. तार सैल झाली, दाबायला सोपी झाली आणि आवाज भारदस्त झाला. लोकांना जो आवाज नरकातून आल्यासारखा वाटला, त्यात एका कामगाराच्या जखमेवरच्या तोडग्याचा मोठा वाटा होता. तुमच्या घरातलं पोर हे करून बघणार असेल तर त्याला सांगा: हलक्या तारा हा आयोमीच्या जखमेपुरता तोडगा, एरवी तार उतरवायची तर ती जाड हवी. बारीक तारांवर तीन अर्धस्वर उतरलात की तार गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खडखडते आणि सूर हलतो. शिवाय आपल्याकडे जून लागला की दमटपणाने लाकूड फुगतं, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा पुसायच्या आणि गिटार कपाटात पेटीबंद ठेवायची.

आता चिन्हं. त्याच पहिल्या रेकॉर्डच्या आतल्या पानावर उलटा क्रूस होता. तो कंपनीने बँडला न विचारता छापला. त्याआधी कितीतरी शतकं ख्रिस्ती परंपरेत उलटा क्रूस हा संत पीटरचा. प्रभूसारखं मरण घ्यायची आपली योग्यता नाही म्हणून त्याने स्वतःला उलटं टांगायला सांगितलं, अशी कथा आहे. तर्जनी आणि करंगळी वर करून दाखवतात ती शिंगं रॉनी जेम्स डिओ या गायकाने लोकप्रिय केली. ही खूण आपण इटालियन आजीकडून उचलली, ती नजर लागू नये म्हणून करायची, असं तो सांगत असे. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात त्याच कामाची.

चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकला, ही रॉबर्ट जॉन्सनबद्दलची गोष्टही अशीच. हा अमेरिकेतला ब्लूज गायक १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. चौरस्त्यावरचं त्याचं गाणं प्रत्यक्ष ऐकलंत तर त्यात सौदा नाही. गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा आणि गाडी न मिळालेला एक माणूस आहे. तिठ्यावर ठेवलेला उतारा ओलांडायचा नाही हे लहानपणापासून शिकलेल्या कोकणातल्या माणसाला चौरस्त्याचं हे भय समजायला वेळ लागू नये.

तरी ती चिन्हं आपल्याला त्यांच्याइतकी झोंबत नाहीत, कारण धक्का बसायला आधी श्रद्धा लागते. तिथला सैतान देवाचा कायमचा वैरी. आपला असुर तपही करतो, वरही मिळवतो. शिमग्यात काळ्या पोशाखातला, टोकदार टोपीचा, कमरेला घुंगरं बांधलेला संकासुर दारात येतो, पोरं किंचाळून पळतात आणि घरातली मोठी माणसं त्याला नवस बोलतात. आडदशावतारातला, म्हणजे दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगातला, संकासुर वेद पळवतो, मालवणीत भटाची थट्टा करतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो.

खरा फरक इथे आहे. आपला प्रेक्षक बसतो तेव्हाच त्याला माहीत असतं की असुर मरणार. त्या गाण्यांत गायक बऱ्याचदा सैतान होऊन ‘मी’ म्हणत बोलतो आणि गाणं तिथेच संपतं. मारायला कुणी येत नाही. सोंगाची ही अर्धी बाजू कानावर पडते म्हणून घरच्यांना धस्स होतं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडने २०१७ मध्ये याच भयंकर आवाजात, याच गुरगुरीत विष्णूच्या दहा अवतारांवर अख्खा अल्बम केला. त्याचं नावच ‘दशावतार’. मेटल नको म्हणणाऱ्या पालकांना तो आवर्जून ऐकवावा. आवाज तोच, फक्त बोलणारा बदलला.

बाकी बराचसा धंदा आहे. १९५६ च्या आसपास स्क्रीमिन जे हॉकिन्स हा अमेरिकन गायक शवपेटीतून बाहेर येऊन गायचा. लोकांना सवय झाली, मग स्टेजवर गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, आलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्लॅक सॅबथचा पूर्वीचा गायक ऑझी ऑझबोर्नने प्रेक्षकांतून आलेलं वटवाघूळ रबरी समजून चावलं आणि रेबीजची इंजेक्शनं घेतली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गाण्यांवर सुनावणी झाली, रेकॉर्डवर इशाऱ्याची पट्टी आली आणि पोरं ती पट्टी बघूनच रेकॉर्ड मागू लागली. २०२१ मध्ये लिल नॅस एक्स या अमेरिकन रॅपरच्या गाण्यासोबत ६६६ जोड बूट विकले (६६६ हा तिकडे सैतानाचा आकडा), तळव्यात रक्ताचा थेंब घालून, जोड १,०१८ डॉलरला. प्रत्येक धक्का मागच्यापेक्षा मोठा लागतो, आणि ज्याच्याकडे चाल नाही त्याचं दुकान दोन वर्षांत बंद होतं. १९७० चे ते तीन सूर अजून वाजतात, कारण ते सूर म्हणून चांगले आहेत.

रेकॉर्ड उलटी वाजवली की गुप्त संदेश येतात, हेही लोक विचारतात. घरी करून बघा. कुठल्याही भजनाची एक मिनिटाची क्लिप फोनवरच्या ॲपमध्ये उलटी करा. आधी ऐका आणि काय ऐकू आलं ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहा. दोन कागद जुळणार नाहीत. मग त्यातलं एक वाक्य सगळ्यांना दाखवून परत ऐकवा. आता सगळ्यांना तेच ऐकू येतं. कान सुचवलेलं शोधतो. १९९० मध्ये नेवाडातल्या रीनो इथे ज्युडास प्रीस्ट या बँडवर छुप्या संदेशाचा खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या होत्या, दुःख खरं होतं. न्यायाधीशांनी ऐकून सांगितलं की छुपे म्हणून दाखवलेले ते शब्द म्हणजे गिटारचा आवाज आणि गायकाचा उच्छ्वास यांची आपोआप झालेली सरमिसळ आहे. दावा फेटाळला गेला.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. १९९२ पासून नॉर्वेत या संगीतातल्या काही तरुणांनी जुनी लाकडी चर्चं जाळली, १९९३ मध्ये एकाने दुसऱ्याचा खून केला आणि त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. तिथे सोंग उतरवायचं राहिलं. म्हणून टीशर्टपेक्षा झोप, जेवण आणि मित्र यांवर लक्ष ठेवा. पोर रात्र-रात्र जागतंय, जेवत नाही, मित्र सुटलेत, मरणाची भाषा बोलतंय, तर ते भजन ऐकत असलं तरी लगेच डॉक्टर गाठा.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्वतःच करायचं म्हणतात त्यांच्यासाठी थोडं. गुरगुर खऱ्या स्वररज्जूंवर जोर देऊन काढायची नसते. त्यांच्या वरच्या खोट्या पट्ट्या थरथरवायच्या असतात, पोटाच्या आधाराने, बोलण्याइतक्याच आवाजात. मोठेपणा माइक देतो. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरे. दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला की पद्धत चुकली. जोर लावत राहिलात तर गाठी होतात. माइकची जाळी मुठीत धरू नका. तसं केलं की माइक चहूबाजूंचा आवाज घेतो, स्पीकर शिट्टी मारतात आणि शब्द चिखल होतात.

आग टाळाच. रॉकेल तोंडात घेऊन फुंकताना थोडं जरी श्वासात गेलं तरी फुप्फुसं सुजतात, आणि राळेचा भपका वाऱ्याने उलटतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये एका बँडच्या शोभेच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागून १०० माणसं गेली. आपला मांडव झावळ्यांचा, पडदे नायलॉनचे. ‘कोल्ड’ म्हणून भाड्याने मिळणाऱ्या ठिणग्याही थंड नसतात.

राहिले कान, आणि या संगीतातला रोजचा धोका तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८९ ला पाच तास, ९५ ला सव्वा तास. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, ती पोरासोबत बसून लावा. शिमग्याच्या ढोलाजवळ किंवा डीजेसमोर उभं राहायचं तर फोमचे बोळे चालतात. पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. कानात शिट्टी वाजली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर आठवडा वाट बघू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.