दोरीवरचे अकरा

आज गच्चीवर आई खोटं बोलली. तेही माझ्या कपड्यांवरून.

मी चिमट्यांचा डबा घेऊन जिन्यात होते. वर शेजारच्या काकू कुरडया परतत होत्या. "सगळे काळेच वाळायलेत की वो, कोणाचे?" त्यांनी विचारलं. आई क्षणभरही अडखळली नाही. "धाकट्याचे. हॉस्टेलवरून आलाय ना, धुवायला आणलेत." दोरीवर अकरा कपडे, त्यातल्या तिघांच्या गळ्याला आरशांचं काम. धाकटा आरसे लावून हिंडतो म्हणायचं. मी चिमट्यांसकट तशीच खाली आले. उडाले कपडे तर उडाले.

काकूंचा राग नाही. त्या गच्चीवर आल्या की काहीतरी विचारणारच. टोचतंय ते आईचं उत्तर. सुचायला वेळच लागला नाही तिला. म्हणजे कधीपासून तयार ठेवलं होतं, डाळीच्या डब्यात अडीअडचणीची नोट ठेवते तसं?

काळा मला सोपा पडतो. सकाळी उठून विचार करायला नको, डाग दिसत नाही, कशावरही काहीही चालतं. पुण्यात सुरू झालं त्याचं कारण वेगळं, ते जाऊ दे. संक्रांतीला तर सगळ्यांनी कौतुकच केलं, हिची बारा महिने तयारी असते म्हणून. आता नाथषष्ठी होऊन गेली, पाडवा तोंडावर आला, आणि परभणीच्या उन्हात काळं काहीच लपवत नाही. ऑफिसातून आले की पाठीवर घामाच्या मिठाची पांढरी रेघ, वेडीवाकडी, नकाशातल्या किनारपट्टीसारखी. परभणीला समुद्र म्हणून तो एवढाच.

वाळवंटातले बेदुईन काळे झगे घालतात. १९८० साली शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की झगा सैल असेल तर काळ्याने ओढलेली जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आतच निघून जाते. आत काळा काय नि पांढरा काय, सारखंच. हे मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या अंगावर झगा हाय. तुझ्या अंगावर पॉलिस्टर."

मग मी ठेवणीतलं काढलं. "आजीची चंद्रकळा काळीच होती ना? तिला कोणी विचारलं का?"

आई भाकरी थापत होती. हात थांबला. "तिच्या कपाळाला हे एवढं कुंकू होतं," म्हणाली, आणि लगेच, "सरक, तवा तापलाय."

दोरीवरचं उत्तर तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं की स्वतःसाठी, हे तेव्हापासून घोळतंय. लाज वाटली म्हणून खोटं बोलली, की काकूंचा पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून? पुढचा प्रश्न काय असता ते आम्हा दोघींना माहीत आहे. तिघींना, खरं तर.

दुपारी कपाट उघडून बसले. आधी रडू आलं, मग पॉलिस्टर मोजलं. पाच निघाले, गाठोड्यात बांधले. सैल सुती काळे राहू देत. आमच्याकडं रानातली मातीसुद्धा काळीच, चैत्रात ती भेगाळते पण रंग बदलत नाही. ओढण्या मात्र आईच्या जुन्या सुती साड्यांच्या करायच्या. साडेपाच मीटरात दोन आरामात बसतात. मोरपंखी साडी मागितली तेव्हा आईनं कशाला म्हणून विचारलं नाही. कात्री तेवढी आणून दिली, नि स्वतःच धरून बसली दुसरं टोक.

संध्याकाळी दारात काकू. हातात ताटली, वर फडकं. "धाकट्याला द्या, ओल्या कुरडया लई आवडतात त्याला. दिसंना कुठं पोरगं?"

"झोपलाय," आई म्हणाली.

मी आतल्या खोलीत मोरपंखी ओढणी डोक्यावरून घेऊन गप्प पडून राहिले, धाकट्याच्या वतीनं.