पाने खाणाऱ्या अळ्या आणि फवारणीची वेळ

झाडाची निम्मी पाने चाळणीसारखी झालेली दिसली की हात सर्वांत आधी फवारणी पंपाकडे जातो. प्रत्यक्षात फवारणीचा उपयोग त्याच टप्प्यावर सर्वांत कमी असतो. पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्या कोषात जाण्यापूर्वी बहुधा चार-पाच वेळा कात टाकतात, आणि आयुष्यभरात त्या जेवढा पाला खातात त्यातील फार मोठा वाटा शेवटच्या एक-दोन अवस्थांत खाल्लेला असतो. त्यामुळे नुकसान आपल्या नजरेत भरते तेव्हा अळ्या पूर्ण वाढीच्या जवळ आलेल्या असतात, औषधाला सहजासहजी दाद देत नाहीत आणि थोड्याच दिवसांत खाणे आपोआप थांबवणार असतात. अशा वेळी केलेली फवारणी, माझ्या मते, झाडापेक्षा आपल्याच समाधानासाठी असते.

म्हणून खरे काम पाहणीचे आहे. नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या पानाला भोक पाडत नाहीत. त्या पानाचा हिरवा थर खरवडून खातात आणि मागे पांढुरकी, पातळ जाळी राहते. पानांच्या मागच्या बाजूला अंड्यांचे पुंजके, गुंडाळलेली किंवा धाग्यांनी एकमेकांना चिकटवलेली पाने, आणि खालच्या पानांवर पडलेली काळपट दाणेदार विष्ठा या खुणा मोठ्या छिद्रांच्या कितीतरी आधी दिसतात. दिवसा काहीच सापडत नसेल, तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा पाहावे, कारण अनेक जाती रात्रीच खातात.

अळी सापडल्यावर दुसरा प्रश्न असा, की झाडाला आपल्या मदतीची गरज आहे का? चांगले रुजलेले पानझडी झाड एखाद्या हंगामात जवळजवळ सगळी पाने गेली तरी बहुधा नवी पालवी काढते आणि सावरते. हंगामाच्या अखेरीस पाने खाल्ली गेली तर त्याची फारशी चिंता करू नये. त्या पानांनी आपले काम बहुतांशी उरकलेले असते. मात्र नुकतीच लावलेली रोपे, पाण्याच्या ताणाखालची झाडे आणि सलग दोन-तीन वर्षे ओकीबोकी झालेली झाडे यांच्याबाबत वाट पाहू नये. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे तर एकदाच संपूर्ण पाने जाणेही जीवघेणे ठरू शकते. पाने गमावलेल्या झाडाला खोलवर पाणी द्यावे; नत्रयुक्त खताचा मारा करू नये, कारण त्याने येणारी लुसलुशीत पालवी पुढच्या अळ्यांचेच खाद्य होते.

झुडूप लहान असेल तर अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हा उपाय सर्वांत खात्रीचा आहे. केसाळ अळ्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यांच्या केसांनी त्वचेला खाज आणि पुरळ येते. जाळे करून समूहाने राहणाऱ्या अळ्यांची फांदी जाळ्यासकट छाटावी. जाळे झाडावरच पेटवून देण्याची पद्धत अजूनही दिसते, पण आगीने सालीला होणारी इजा अळ्यांच्या नुकसानीपेक्षा मोठी असते.

फवारणी करायचीच तर लहान अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा कुर्स्टाकी हा उपप्रकार, म्हणजे बोलीतले ‘बीटी’, मला सर्वांत योग्य वाटतो. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला, आणि १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी पिठातील पतंगाच्या अळ्यांमध्ये तो पुन्हा शोधून काढला. त्यातील प्रथिनांचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) आतड्यात विरघळतात, आतड्याचे अस्तर फाटते, अळी काही तासांत खाणे सोडते आणि काही दिवसांनी मरते. म्हणजेच औषध अळीच्या पोटात जायला हवे. ते पानांच्या दोन्ही बाजूंना पोहोचले नाही तर सगळे श्रम वाया जातात. उन्हाने ते लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळी फवारावे. ते फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते, हे विसरून सरसकट फवारू नये. लिंबूच्या झाडावरच्या हिरव्या अळ्या बहुधा फुलपाखराच्या असतात. झाड मोठे असेल तर मी त्यांना हात लावत नाही.

बीटीचा परिणाम होत नसेल, तर अळीचे पाय मोजावेत. छातीवरच्या तीन जोड्यांमागे पोटावर मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतील तर ती पतंगाची किंवा फुलपाखराची अळी. सहा किंवा अधिक असतील तर ती करवतमाशी या गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची, आणि तिच्यावर हा उपप्रकार चालत नाही. निंबोळी अर्काने दोन्हींचे खाणे आणि कात टाकणे बिघडते, पण तोही लहान अवस्थेतच द्यावा.

सर्वच कीटकांना मारणारी तीव्र कीटकनाशके मी शेवटी ठेवतो, कारण त्यांनी अळ्यांच्या शरीरावर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही मरतात आणि नंतर रस शोषणारी कोळीकीड (माइट) किंवा खवले कीड उसळते. पाठीवर पांढरे इवलेसे कोष चिकटलेली अळी दिसली तर तिला तशीच राहू द्यावी. त्या कोषांतून मित्रकीटकच बाहेर पडणार असतात. उलट्या लटकून मऊ, काळ्या पडलेल्या अळ्या बहुधा विषाणूने मेलेल्या असतात आणि त्यांच्यातूनच तो इतर अळ्यांत पसरतो. मित्रकीटक बाहेरून आणून सोडण्याबाबत मात्र सावध असावे: अमेरिकेत लायमँट्रिया डिस्पार या झाडांची पाने फस्त करणाऱ्या पतंगाविरुद्ध १९०६ पासून सोडलेली कॉम्प्सिल्युरा ही माशी तिथल्या देखण्या रेशीम-पतंगांच्याच मुळावर आली.

लायमँट्रिया डिस्पार हा पतंग खोडावर आणि फांद्यांवर मखमली, बदामी रंगाचे अंडीपुंज घालतो आणि एकेका पुंजात शेकडो अंडी असतात. ती हिवाळाभर तशीच राहतात, म्हणून पालवी फुटण्यापूर्वी बोथट सुरीने ती खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवावीत. नुसती जमिनीवर पाडली तर त्यांतूनही अळ्या बाहेर पडतात.