ड्रोनचं चित्रीकरण पोलिसांना दिलं, पण भाग ‘ब’वर सही कोण करणार?

मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी पोलिसांनी माझा ड्रोन लावला होता. उड्डाणात काहीच अडलं नाही. तिथं झालेल्या मारामारीचा गुन्हा दाखल झाला, माझं चित्रीकरण पुराव्यात घ्यायचं ठरलं आणि सगळं एका सहीवर अडकलं: अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या भाग ‘ब’वरच्या. पोलिसांसाठी ड्रोन चालवणाऱ्यांना आणि ठाण्याचा ड्रोन ज्यांच्या नावावर दिलाय त्या अंमलदारांना उपयोग व्हावा म्हणून तपशिलात लिहितोय.

उड्डाणाचं आधी उरकतो. ड्रोन नियम, २०२१ मधून सूट आहे ती लष्कर, नौदल आणि हवाई दलाला. पोलिसांना नाही. ‘पोलिसांचं काम आहे, कागद कशाला’ हे ठाण्यात सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे. नोंदणी क्रमांक म्हणजे यूआयएन, ड्रोनच्या मॉडेलला मान्यता असल्याचं टाइप सर्टिफिकेट, चालवणाऱ्याचं रिमोट पायलट सर्टिफिकेट, त्रयस्थ पक्षाचा विमा, सगळं जागेवर हवं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ वर्गाला यातलं बरंच माफ आहे, म्हणून लोक २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतात. पण गर्दी आहे म्हणून पंख्यांना गार्ड लावले की वजन २५०च्या वर जातं आणि तोच ड्रोन वरच्या ‘मायक्रो’ वर्गात जातो. वजन धरायचं ते बॅटरी, कार्ड, गार्डसकट.

ड्रोनसाठीच्या हवाई नकाशात ग्रीन झोन म्हणजे मोकळा आणि रेड झोन म्हणजे बंदीचा भाग. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावा, कारण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो. शिवाय ड्रोनबंदीचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, वेगळा निघतो. तो या नकाशात शोधत बसू नका, आयुक्तालयाचा किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचा आदेश वाचा. मुंबईत अशा आदेशात पोलीस उपायुक्त (अभियान) यांची लेखी परवानगी मागितलेली असते. लेखी म्हणजे जावक क्रमांकासह. फोनवरचं ‘चालू करा’ उद्या कुणालाही आठवत नाही.

आता मुद्द्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब मध्ये एकच सही पुरायची. आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत होतं त्यानं भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून संगणक काढतो ती बोटाच्या ठशासारखी अक्षर-आकड्यांची ओळ, लिहायची आणि हॅशचा अहवाल जोडायचा. हे प्रमाणपत्र किती कडक पाहिलं जातं ते कळायला आपल्या जालन्याचंच प्रकरण पुरेसं आहे. विधानसभेच्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रतीवर विसंबायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच, असा निकाल १४ जुलै २०२० ला आला. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून मालकानं साक्ष दिली तर त्याची गरज नाही, असंही त्यात आहे.

या दुसऱ्या वाक्याचा ठाण्यात सोपा अर्थ निघतो: ड्रोनच जप्त करा. माझ्याकडेही हीच मागणी झाली. मी ठाम नकार दिला. चित्रीकरण कार्डावर आहे, ड्रोनमध्ये नाही, मग मुद्देमाल कार्डाचा होतो. हे म्हणता यावं यासाठी सेटिंगमध्ये साठवण ‘एसडी कार्ड’वरच ठेवा. काही ड्रोनमध्ये आतली मेमरी असते. चित्रीकरण तिच्यात गेलं, तर ड्रोन मुद्देमाल कारकुनाच्या खोलीत जाईल आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करून तो परत मिळेपर्यंत तुमचा धंदा बंद. प्रत्येक बंदोबस्ताला नवं कोरं कार्ड वापरा आणि त्याची किंमत बिलात लावा.

कार्ड दिलं, भाग ‘अ’ भरला. उपकरणाच्या यादीत संगणक, डीव्हीआर, मोबाइल, फ्लॅश ड्राइव्ह वगैरे आहे, ड्रोन नाही. ‘इतर’वर खूण करून मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि यूआयएन लिहायचा. कार्डाचाही अनुक्रमांक लिहायचा. ड्रोन माझा आणि चालवणारा मीच, म्हणून सही माझी. ‘साहेबांची सही चालेल’ असं सुचवलं गेलं. नाही चालत. साहेबांनी ड्रोन हाताळलेलाच नाही.

भाग ‘ब’वर मात्र कुणी सही करेना. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. कुणी कलम ३९(२) कडे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ कडे, म्हणजे सरकारनं नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षकाकडे बोट दाखवतं, कुणी सायबर कक्षाकडे, कुणी थेट न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. पत्र इकडून तिकडे फिरत राहिलं. शेवटी एक तज्ज्ञ तयार झाले, तर त्यांच्या हॅशचा माझ्या हॅशशी मेळ बसेना. कारण उघड होतं. सीलबंद पाकीट उघडायला पंच आणि पंचनामा लागतो, ते टाळून ठाण्यातून क्लिप व्हॉट्सॲपनं पाठवली होती. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे ती दुसरीच फाइल झाली. त्यावर मला सांगण्यात आलं की तुम्ही तुमचा भाग ‘अ’ बदलून त्यांच्या आकड्याशी जुळवून द्या. याचा राग अजून गेलेला नाही. तो आकडा बदलला असता तर उलटतपासणीच्या पहिल्या पाच मिनिटांत सगळा पुरावा कोसळला असता आणि खोटं प्रमाणपत्र माझ्या सहीचं ठरलं असतं. मी लेखी उत्तर दिलं: तज्ज्ञांना मूळ कार्ड पंचांसमक्ष उघडून द्यावं, राइट ब्लॉकर (कार्डावर काही लिहिलं जाऊ न देणारं साधन) लावून प्रत घ्यावी आणि हॅश पुन्हा काढावी. तसं झालं, आणि हॅशची चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. सही त्याच दिवशी मिळाली.

हॅश काढणं अवघड नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ दिलं की एसएचए-२५६ या प्रकारची हॅश येते. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. एक सेकंद कापला तरी पूर्ण बदलते. न्यायालयाला तुकडाच दाखवायचा असेल तर तुकड्याची वेगळी हॅश काढा आणि मूळ फाइलही सोबत द्या. हॅश हातानं लिहू नका, छापा. इंग्रजी बी आणि सहाचा आकडा यांत गल्लत होते. बरेच ड्रोन साधारण ४ जीबीला फाइल तोडतात, तेव्हा प्रत्येक फाइलची हॅश स्वतंत्र. मोबाइलच्या ॲपमधली प्रत कमी दर्जाची असते, ती मूळ म्हणून देऊ नका.

हे सगळं उड्डाण संपल्यावर त्याच रात्री, कार्ड हातातून जाण्याआधी करा. कार्ड मागायला आले तर त्याच संहितेच्या कलम ९४ची लेखी नोटीस घ्या आणि जप्ती पंचनाम्यात हॅश लिहवून घ्या. ठाण्याचा स्वतःचा ड्रोन असेल तर भाग ‘अ’ चालवणाऱ्या अंमलदाराकडून लगेच भरून घ्यावा. बदली झाली की त्याला शोधत फिरावं लागतं. आणि प्रमाणपत्र एकदा दिलं की संपलं असं नाही. नोंद जितक्या वेळा पुराव्यासाठी सादर होईल तितक्या वेळा ते सोबत लागतं, म्हणून भरलेली प्रत जपून ठेवा.

वेळेचं सांगायचं राहिलं. प्रमाणपत्रात भारतीय वेळ लिहायची असते, पण अनेक ड्रोन फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबतच्या तांत्रिक नोंदीत, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात. रात्री सव्वाआठचा प्रसंग तिथं दुपारी पावणेतीनचा दिसतो. बचाव पक्षाचा वकील तेवढंच धरून बसतो. म्हणून साडेपाच तासांचा फरक भाग ‘अ’मध्येच एका ओळीत नोंदवा आणि जीपीएसच्या नोंदी असलेली एसआरटी फाइल तयार होत असेल तर तिचीही हॅश काढून जोडा.