पाय कुठे गेले? ‘जिझेल’च्या एका मुद्रणाविषयी

धानाचे पुंजणे रचून झाले की मळणी लागेपर्यंतचे चार-आठ दिवस आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात थोडे मोकळे असतात. या वर्षी त्याच दिवसांत माझी पुतणी दिवाळीच्या सुट्टीसाठी नागपूरहून गावी आली आणि येताना पेन ड्राइव्हमध्ये ‘जिझेल’ या बॅलेचे, म्हणजे पाश्चात्त्य नृत्यनाट्याचे, संपूर्ण चित्रमुद्रण घेऊन आली. ती गेली सहा वर्षे भरतनाट्यम शिकत आहे. मी निवृत्त शिक्षक असून शाळांच्या नृत्यस्पर्धांना आणि मंडई या दिवाळीनंतरच्या गावजत्रेत होणाऱ्या दंडारींना, म्हणजे लोकनाट्यांना, परीक्षक म्हणून जात असतो. आमचे शेजारी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत तीसेक हंगाम ऑर्गन वाजवलेले गृहस्थ आहेत. आम्ही तिघांनी शाळेतून मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर, सपरीच्या नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीवर, हे मुद्रण लागोपाठ तीन रात्री पाहिले. मुद्रण कोणत्या कंपनीचे हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार नाचणाऱ्यांविषयी नाही.

तीन रात्री पाहण्याचे कारण थोडे वैयक्तिक आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत प्रवेशिका मोबाइलवर चित्रित करून मागवल्या होत्या आणि एका मुलीला मी पदन्यासाचे गुण फार कमी दिले. पुढे एका मंडईत तिला प्रत्यक्ष नाचताना पाहिले तेव्हा लक्षात आले, की तिच्या पायांत काहीच उणे नव्हते. चित्रण करणाऱ्याने तिला बहुतेक वेळ कमरेपासून वर दाखवले होते आणि मी न दिसलेल्या पायांना गुण देऊन मोकळा झालो होतो. तेव्हापासून मुद्रित नाच पाहताना मी कागदावर दोषांचे तीन रकाने आखतो. पहिला नाचणाऱ्याचा, दुसरा कॅमेऱ्याचा आणि तिसरा आमच्या घरच्या यंत्रांचा.

तिसरा रकाना पहिल्याच रात्री भरला. चित्र भिंतभर यावे म्हणून पुतणीने ते आडवे ताणून बसवले होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे सगळ्या नर्तकी बुटक्या आणि रुंद खांद्यांच्या दिसत होत्या, आणि बॅलेसाठी अशा अंगाच्या मुली निवडतातच कशा, असे मी बोलूनही बसलो. चित्राचे मूळ प्रमाण परत आणल्यावर त्या मुली एकाएकी उंच झाल्या. त्याहून मोठी चूक आवाजाची होती. आवाज ब्लूटूथच्या स्पीकरवर लावला होता आणि पुतणीचे ठाम मत झाले होते, की नायिका सतत तालाच्या पुढे धावते आहे. शेजारी बराच वेळ गप्प बसून ऐकत होते. मग ते म्हणाले, ‘‘गुरुजी, तिच्या पायाचा धप्प आवाजही मांगूनच येऊन रायला. पाय पडते आधी, वाजते मंग. पोरगी तालात हाय, डबा मांगं हाय.’’ वायर जोडून साधा स्पीकर लावताच तक्रार मिटली. कानाने आधी पाय पकडायचा आणि मग ताल ठरवायचा, ही त्यांची रीत नाटकांतल्या लावण्यांना साथ करून करून आलेली आहे.

आता मूळ कृतीकडे येतो. ‘जिझेल’ प्रथम १८४१ साली पॅरिसच्या ऑपेरात सादर झाले. संगीत अडोल्फ अडाम यांचे, नृत्यरचना ज्यां कोराली आणि ज्यूल पेरो यांची, आणि नायिकेच्या भूमिकेत कार्लोता ग्रीसी होती. १८६८ नंतर पॅरिसमध्ये ते बंद पडले. पण रशियात ते चालू राहिले, तिथे नृत्यरचनाकार मारियस पेतिपा यांनी त्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला, आणि १९१० मध्ये दिआगिलेव यांच्या रशियन बॅले मंडळीनेच ते पॅरिसला परत नेले. आज आपण जे पाहतो ते मुख्यत्वे या रशियन वळणाचे आहे, त्यामुळे एखाद्या मुद्रणातली पावले मूळ १८४१ ची आहेत की नाहीत, यावरून गुण कापण्यात अर्थ नाही.

कथा झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला अजिबात परकी वाटणार नाही. अल्ब्रेख्त हा सरदार गावकऱ्याचा वेश घेऊन जिझेल या खेड्यातल्या मुलीच्या प्रेमात पडतो. तिच्यावर जीव असलेला वनरक्षक हिलारियन त्याची तलवार शोधून त्याचे बिंग फोडतो. सरदाराचे लग्न आधीच दुसरीकडे ठरलेले आहे हे कळताच जिझेल भ्रमिष्ट होऊन मरते. दुसऱ्या अंकात लग्नाआधी फसवल्या जाऊन मेलेल्या मुलींचे आत्मे, म्हणजे ‘विली’, रात्री रानात सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचायला लावतात, आणि जिझेल पहाटेची घंटा होईपर्यंत अल्ब्रेख्तला जगवते. पहिला अंक द्राक्षतोडणीच्या हंगामात घडतो. आमच्याकडे द्राक्षे बाजाराच्या टोपलीतच दिसतात, पण पीक हाती आल्यावर गाव का नाचते हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. शेजाऱ्यांचा शेरा असा, की हे तर आपल्या नाटकाचेच कथानक आहे, फक्त इथे कोणी बोलत नाही.

पहिल्या अंकात कॅमेऱ्याने एक काम उत्तम केले आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जिझेल फुलाची एकेक पाकळी तोडत ‘त्याचे प्रेम आहे, नाही’ असे मोजते. कौल ‘नाही’ येणार हे दिसताच ती फूल टाकून देते. तेव्हा अल्ब्रेख्त ते उचलतो, हळूच एक पाकळी चोरून काढतो आणि कौल फिरवून दाखवतो. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून ही चोरी दिसणे कठीण, पण इथे चित्र त्याच्या दोन बोटांपर्यंत जवळ गेले आणि ती पाकळी खाली पडताना आम्ही पाहिली. पुढे वेड लागल्यावर जिझेल रिकाम्या हाताने तेच फूल पुन्हा मोजते. ज्याने आधीची पाकळी पाहिली नाही त्याला त्या रिकाम्या हातांचा अर्थ लागत नाही, म्हणून जवळचे चित्र तिथे केवळ सोय म्हणून येत नाही, कथेचा दुवा जोडते. नायिकेने त्या प्रसंगात हातवारे वाढवले नाहीत. आधी आनंदाने घेतलेलीच पावले ती अर्धवट, वजन हरवलेली घेत होती आणि वाद्यवृंदातून आधीच्याच सुरावटी तुटक तुटक परत येत होत्या. आमच्याकडे वेडाचा प्रवेश म्हटला की केस सोडून किंचाळणे आलेच. केस इथेही सुटले होते, पण उरलेला सगळा प्रवेश तिने पायांच्या विसराळूपणावर उभा केला.

जिझेलच्या आईचा मूक प्रवेश मात्र या मुद्रणात जवळजवळ कापलेला आहे. फार नाचलीस तर तूही मरून विली होशील, असे ती हातांच्या खुणांनी मुलीला सांगते, आणि दुसऱ्या अंकाची सगळी सूचना त्यातच आहे. बॅलेच्या खुणांत डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की नाच आणि मुठी समोर खाली आणून एकमेकींवर फुली केल्या की मृत्यू. पुतणीला या खुणा क्षणात उमगल्या आणि प्रवेश कापल्याचा राग सर्वांत जास्त तिलाच आला.

दुसऱ्या अंकात मात्र कॅमेऱ्याचा रकाना लाल शाईने भरला. विलींची राणी मिर्था प्रथम प्रवेश करते ती चवड्यांच्या टोकावर अगदी बारीक, भराभर पावले टाकत, आणि ती इतकी सारखी पडतात की बाई चालते आहे असे न वाटता पाण्यावरून वाहत येते आहे असे वाटते. झगा पोटरीपर्यंत लांब असतो. त्याच्या घेराखाली थरथरणारी पावले आणि वर अजिबात न हलणारे खांदे हे दोन्ही एकाच वेळी दिसले तरच तो भास होतो. इथे दिग्दर्शकाने नेमके तिच्या चेहऱ्याकडे चित्र नेले. पडद्यावर उरला एक गोरा, कठोर, किंचित डुलणारा चेहरा, जणू बाई बैलबंडीत बसून चालली आहे. पुतणी ओरडली, ‘‘मोठेबाबा, पाय कुठी गेले?’’ पाय परत आले तेव्हा राणी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली होती.

त्यानंतर विलींच्या समूहाचा तो प्रसिद्ध भाग येतो, ज्यात त्यांच्या रांगा दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे निघतात. प्रत्येकीचा एक पाय मागे सरळ उचललेला, अंग पुढे झुकलेले, आणि दुसऱ्या पायावर लहान लहान उड्या घेत त्या सरकतात. या स्थितीला आराबेस्क म्हणतात. दोन्ही बाजूंच्या रांगा मध्यभागी एकमेकींतून आरपार जातात, कुणाचा घेर कुणाला लागत नाही, आणि प्रत्येक उडीला एवढ्या साऱ्या पावलांचा मिळून एकच दबका ठोका पडतो. हे उंचावरून आणि सलग पाहावे लागते, कारण इथे एकटी नर्तकी काहीच करत नाही, करतात त्या रांगा. शेतात पिकाच्या दोन ओळींमध्ये अंतर सारखे आहे की नाही हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, तसेच हे. या मुद्रणात रांगा मध्यावर पोहोचायला आल्या असताना चित्र बदलले आणि डावीकडच्या तिसऱ्या मुलीचा चेहरा आला. चेहऱ्यावर भाव असा काहीच नव्हता, आणि तो नसणेच बरोबर होते, कारण विलींना चेहरा नको असतो. मोठे चित्र परत आले तेव्हा रांगा पार होऊन गेल्या होत्या. समूहाची कवायत पक्की होती की नाही यावर मी गुण कसे देऊ? दिसले तेवढ्यावरून पक्की होती, हातांची उंची एकसारखी होती, पण आरपार जाण्याचा क्षण मी पाहिलेलाच नाही.

जवळच्या चित्राचा आणखी एक अन्याय वयाचा असतो. रशियन नर्तकी गालिना उलानोवा यांनी १९५६ मध्ये लंडनला जिझेल केली तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या, आणि मॉस्कोच्या बोल्शोई या बॅले मंडळीच्या त्या दौऱ्यातले त्यांचे नृत्य पॉल झिनर यांनी चित्रित करून ठेवले आहे. भूमिका कोवळ्या मुलीची. नाट्यगृहाच्या अंतरावरून मान, खांदे आणि पाय जे सांगतात ते वय खरे धरायचे असते. चेहरा भिंतीएवढा झाला की प्रेक्षक सुरकुत्या मोजत बसतो. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुष करतो तेव्हा आम्ही त्याच्या दाढीच्या निळसर छटेला कधी गुण कापत नाही, मग इथे तरी का कापावेत?

उड्यांबाबतही सावध राहावे लागले. कॅमेरा रंगमंचाच्या पातळीजवळ असला की उडी आहे त्यापेक्षा उंच भासते आणि सज्जातून घेतली की चपटी होते. त्यामुळे अल्ब्रेख्तच्या उड्या मी उंचीने मोजल्याच नाहीत. तो अखेरीस जागच्या जागी उडत हवेत पाय एकमेकांवर भराभर फिरवतो तेव्हा शेवटच्या उड्यांपर्यंत टाचा नीट जुळतात का, आणि उतरताना गुडघा मऊ राहतो का, एवढेच पाहिले. दोन्ही होते. तो थकल्याचा अभिनय खांद्यांत करत होता आणि पाय मात्र थकू देत नव्हता, हे मला फार आवडले. नायिकेच्या पायांचा आवाज काही ठिकाणी खटकला. पण तिच्या जोड्याचे टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून कडक केलेले असते आणि ध्वनिग्राहक रंगमंचाजवळ ठेवला की ते वाजणारच, म्हणून तो दोष मी तिच्या नावावर टाकला नाही. दोघांच्या संथ युगुलनृत्यात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खर्जातले वाद्य, एकटा वाजतो. शेजाऱ्यांनी त्या सात-आठ मिनिटांत तंबाखूची डबी उघडली नाही. नंतर म्हणाले, की वाजवणारा बाईच्या श्वासाची वाट पाहतो आहे, घाई करत नाही.

हे मुद्रण एका रात्रीचे नसावे, असेही आम्हाला तिसऱ्या दिवशी दिसले. युगुलनृत्यात जिझेलच्या कानावरची बट एकदा सुटलेली असते आणि पुढच्याच चित्रात ती चोपून बसलेली असते. दोन-तीन प्रयोग चित्रित करून त्यांतले चांगले तुकडे जोडण्याची पद्धत सर्रास आहे, त्यात फसवणूक नाही. मात्र दोन तास दम टिकवल्याचे गुण मी जे सहज देऊन टाकतो, ते इथे हात आखडून दिले.

शेवट पाहा. पहाटेची घंटा होते, विली विरतात, आणि जिझेलही मागे मागे सरकत आपल्या थडग्याकडे निघते. हे निघणे म्हणजे या बॅलेतला शेवटचा नाच, त्यात उडी नाही की गिरकी नाही, केवळ अंतर वाढत जाते. दोघे एकाच चित्रात असतील तरच ते अंतर दिसणार. दिग्दर्शकाने चित्र अल्ब्रेख्तच्या रडव्या चेहऱ्यावर धरून ठेवले, आणि मोकळे केले तेव्हा थडग्याजवळ कोणीच नव्हते. ती गेली हे आम्हाला कळले, जाताना ती दिसली नाही. ‘‘जाऊ द्या तिले,’’ शेजारी म्हणाले, ‘‘पण जातानी दिसू तं द्या.’’ पुतणीने तो भाग तीनदा मागे नेऊन लावला. अल्ब्रेख्तच्या कानामागे, चित्राच्या उजव्या कडेला, पांढऱ्या घेराचा एक कोपरा अर्धा क्षण दिसतो.